डिक्शनरीला लागलेला गेरू

माझ्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी असते. मिटलेली असली की तिच्या पानांच्या कडेवर अंगठ्याएवढा रुंद लाल पट्टा दिसतो. दरवर्षी आठवीत नव्याने आलेली मुलं विचारतात, "मॅडम, हे रक्त आहे का?" मी म्हणते, हो, मागच्या वर्षी ज्याने गृहपाठ केला नव्हता त्याचं. मग दोन दिवस गृहपाठ अगदी वेळेवर येतो. तिसऱ्या दिवशी एखादी धीट पोरगी नाक जवळ नेऊन वास घेते आणि जाहीर करते, "ही तर माती आहे."

बरोबर आहे तिचं. माती आहे, गेरू आहे. तो तिथे कसा आला हे मी वर्गात कधी सांगत नाही, कारण सांगायला लागले की तास संपतो आणि पाठ तसाच राहतो. इथे घंटा वाजायची भीती नाही, म्हणून सांगते.

मी लोणीची. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, जिथे पाण्यासाठी आभाळाकडे आणि कालव्याकडे आळीपाळीने बघावं लागतं. आमच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की आप्पा, म्हणजे माझे वडील, घोड्यावर बिऱ्हाड लादायचे आणि आईला घेऊन मेंढरांमागे कोकणात उतरायचे, ते वैशाखात परत वर यायचे. शाळेसाठी मी गावातच चुलत्यांकडे राहायचे. दहावीपर्यंत सगळं सुरळीत चाललं आणि मग मी इंग्रजीत आपटले. पहिल्यांदा अठ्ठावीस मार्क पडले, जुलैच्या फेरपरीक्षेत एकतीस. "तीन मार्कांनी सुधारले," असं मी म्हटलं, पण घरात कुणी हसलं नाही.

हसणार कसं? आत्या आली होती. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, तिच्यापुढे आप्पासुद्धा मान खाली घालून बसायचे. तिच्या माहितीतलं एक स्थळ होतं आणि ते तिने पदराच्या गाठीत पैसे बांधावेत तसं धरून ठेवलं होतं. "दोनदा बसली, दोनदा पडली," आत्या म्हणाली. "आता काय राह्यलंय? पोरगी म्हंजी परक्याचं धन. ठरवून ठिवू, लगीन मागनं करू."

आप्पा चातीवर लोकर कातत होते. त्यांना उत्तर सुचलं नाही की ते कातायला लागायचे, आणि उत्तर सुचलं तरी कातायचे, त्यामुळे कशाचाच पत्ता लागायचा नाही. कातता कातताच ते म्हणाले, "फुडल्या जुलैला अजून एकदा बसू दे. मग बघू."

एवढंच. आता माझ्याकडे एक वर्ष होतं आणि एक विषय होता. निघाला तर अकरावी, नाही निघाला तर आत्याचं स्थळ. त्यात माझा थोरला भाऊ त्याच वर्षी आळेफाट्याला गॅरेजमध्ये कामाला लागला होता, म्हणून बिऱ्हाडाला एक माणूस कमी पडत होतं. मला मेंढरांमागे चालावं लागणार होतं. मी सगळ्या जगावर चिडले. मला चिडायला फारसं कारण लागत नाही, पण त्या वर्षी चांगली तीन-चार होती.

आमची वाट दरवर्षीची. लोणीवरून निघून आळेफाट्याला हायवे ओलांडायचा, पुढे ओतूर, मग डिंगोरे आणि मग घाट. आळेफाट्याला भाऊ गॅरेजमधून पळत आला आणि काळ्या हातांनी त्याने दोन्हीकडचे ट्रक थांबवले. तीनशे मेंढरं रस्ता ओलांडेपर्यंत एक ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. भाऊ त्याला म्हणाला, "पावणं, ब्रेकचं काम माझ्याकडंच येतंय तुमचं." हॉर्न बंद झाला.

डिंगोऱ्याला आमचा तीन दिवसांचा मुक्काम ठरलेला असायचा. बाजरी निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांनी रानाला खत मिळतं. ते रान एका निवृत्त मास्तरांचं होतं. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस. गावात सगळे त्यांना सर म्हणायचे, आप्पा मात्र गुर्जी म्हणायचे. पांढरा सदरा, शेतात उभे असले तरी खिशाला पेन, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण बाकावर उभे आहोत असं वाटावं.

"कितवीत?" त्यांनी मला विचारलं.

"कितवीतच नाही. इंग्रजीत उडाले."

"किती पडले?"

"एकतीस."

"कुठे अडतं?"

"वाचता येतं. अर्थ लागत नाही."

ते घरात गेले आणि ही डिक्शनरी घेऊन आले. तेव्हाच तिचा पुठ्ठा सुटला होता आणि कुणीतरी सुईदोऱ्याने नीट शिवला होता. त्यांना मॅट्रिक झाल्यावर ती त्यांच्या वडिलांनी दिली होती. त्यांनी माझ्या हातात दिली आणि अटी सांगितल्या. रोज पाच शब्द, अर्थासकट पाठ. वैशाखात वर येताना परत आणायची. एक रेघ उमटलेली चालणार नाही, एक पान दुमडलेलं चालणार नाही. "जशीच्या तशी आणलीस, तर जुलैपर्यंत मी तुला शिकवीन. नाहीतर तुझी वाट तुला मोकळी."

एवढी जपलेली वस्तू त्यांनी वाटेवरच्या पोरीला का दिली, हे मी पुष्कळ वर्षांनी विचारलं. म्हणाले, घरात ती उघडायला कुणी राहिलं नव्हतं. नातवंडं सगळं मोबाईलवर बघायची.

मी ती घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला फुकट शिकवायला तयार झालं होतं, आणि त्यासाठी फक्त एक पुस्तक स्वच्छ ठेवायचं होतं. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

आता इथे आमची एक रीत सांगायला हवी. गावात ज्यांच्याकडे कळप नसतो असे लोक आपली एखादी मेंढी आमच्यासारख्यांकडे अर्धलीनं देतात. म्हणजे सांभाळायची आम्ही, तिला होणारं पहिलं कोकरू मालकाचं, दुसरं आमचं, तिसरं पुन्हा मालकाचं. त्या वर्षी अशा सात मेंढ्या आमच्यात होत्या. अशा मेंढीच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढतात. तो पुसट झाला की आप्पा पुढच्या मुक्कामाला पुन्हा ओढायचे. आमच्या स्वतःच्या मेंढरांवर मात्र कसलीच खूण नसायची. आपलं जनावर आपल्याला ओळखू येतं. खूण करायची ती परक्याच्या जनावराला, म्हणजे ते आपल्यात मिसळून जात नाही आणि आपलीही नियत बिघडत नाही.

घाटाच्या अलीकडच्या मुक्कामाला संध्याकाळी आप्पा गेरू कालवून त्या सात मेंढ्यांच्या पाठी रंगवत होते. मी पाणी आणायला गेले होते. परत आले तर त्यांच्या मांडीवर डिक्शनरी. त्यांनी ती घट्ट मिटून धरली होती आणि ओल्या गेरूचा अंगठा पानांच्या कडेवरून वरून खाली सरळ ओढत होते. अगदी जपून, कडा सोडून बाहेर थेंब जाणार नाही असा.

मी ओरडले. मेंढरं उठून उभी राहिली इतकी ओरडले.

आप्पा दचकले. "काय झालं? गुर्जींची हाय ना?"

"गुर्जींची आहे म्हणूनच!"

"मग परक्याची हाय. खूण नको का?"

मी ओलं फडकं घेऊन घासायला गेले तर गेरू पट्टा सोडून पानांच्या आत उतरला. जितकं घासावं तितका आत. शेवटी मी पुस्तक खाली ठेवलं आणि रडत बसले. सरांची सगळ्यात मोठी अट हीच होती आणि ती मोडायला मला आठवडासुद्धा लागला नव्हता. आप्पा माझ्याकडे बघत होते आणि त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. त्यांच्या परीने त्यांनी त्या पुस्तकाला सगळ्यात मोठा मान दिला होता.

घाट उतरेपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण घाटात कुणीच कुणाशी बोलत नाही, सगळ्यांचे डोळे मेंढरांवर असतात. रुसवा फुकट गेला.

कोकणात पोचल्यावर मी आठ दिवस डिक्शनरीला हात लावला नाही. मग एका दुपारी मेंढरं सावलीला बसली होती, आई भाकऱ्या करत होती आणि मला कंटाळा आला होता. मी ती उघडली. शिकले तर निदान एकटीच्या बळावर बसता येईल परीक्षेला, असं मनाशी म्हटलं.

त्या डिक्शनरीत शब्द होते ते असे की आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात त्यातला एकही दिसला नव्हता. हिदर म्हणजे इकडे, थिदर म्हणजे तिकडे, व्हिदर म्हणजे कुठे. बऱ्याच शब्दांपुढे बारीक अक्षरात 'जुना शब्द' असं लिहिलेलं असायचं. मला त्याचं काय? नापास झालेल्याला जुना-नवा फरक परवडत नाही. मी मेंढरांना "हिदर, हिदर" करून बोलवायला लागले. आई म्हणाली, "पोरीला वारं लागलं." पण मेंढरं यायला लागली.

मी मोठ्याने पाठ करायचे आणि आप्पा शेजारी बसून कातायचे. ते ऐकत होते हे मला ठाऊक नव्हतं. एके दिवशी मी म्हणत होते, "सेनाइट, सात रात्रींचा काळ, आठवडा. फोर्टनाइट, चौदा रात्रींचा काळ, पंधरवडा."

चाती थांबली. "म्हंजी त्येबी रातीच मोजायचे?" आप्पा म्हणाले.

"कोण ते?"

"इंग्रज. चालत्या मानसाला दिवस मोजून काय करायचंय? मुक्काम किती झालं ते मोजावं. त्येंच्यातबी कुनीतरी मेंढरामागं व्हतं म्हन की."

इंग्रजांबद्दल एवढी आपुलकी मी पहिल्यांदाच ऐकत होते. घाटापासून धरलेला राग नेमका कुठे गेला ते कळलं नाही. मी आणखी पानं उलटली. ओव्हरमॉरो, परवाचा दिवस, जुना शब्द. म्हणजे इंग्रजांकडे परवासाठी एक सबंध शब्द होता आणि त्यांनी तो टाकून दिला होता. आप्पांना ते फार लागलं. "परवा न्हाई म्हंजी? मग येनारा पावना सांगतो कसा, कवा येनार ते?"

तेव्हापासून रोज दुपारी हा कार्यक्रम सुरू झाला. आईसुद्धा कान देऊ लागली. स्पिन्स्टर, सूत कातणारी स्त्री, लग्न न झालेली बाई, असं मी वाचलं तर आई तव्यावरची भाकरी तशीच ठेवून म्हणाली, "कातनारीचं लगीन व्हत न्हाई व्हय? मग ह्यांचं काय? ह्ये बी कातत्यात." आप्पा चातीकडे बघत गालात हसले.

पण खरी गंमत मेंढरांच्या शब्दांवर व्हायची, कारण ते पुस्तक त्या शब्दांनी भरलेलं होतं आणि त्यांचे अर्थ, आप्पांच्या मते, कधी मेंढरू न बघितलेल्या माणसाने लिहिले होते. मरेन, गुरांचा साथीचा रोग. "कंचा रोग?" आप्पा विचारायचे. "पायाचा का तोंडाचा का आंगावर फोड येत्यात त्यो? समद्याला एकच नाव ठिवलं तर औषिद कशाचं देनार?" बेलवेदर, गळ्यात घंटा बांधलेला कळपाचा म्होरक्या मेंढा. आप्पा मान हलवायचे. "उलटं लिवलंय. घंटा बांधली म्हनून कुनी म्होरक्या व्हत न्हाई. जो आपसूक फुडं चालतो, त्याला घंटा बांधत्यात."

मग म्हणायचे, "लिहून ठिव. गुर्जींना सांगू."

मी लिहिलं. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, शब्दाच्या शेजारच्या कोऱ्या कडेवर. तुम्ही म्हणाल, एक रेघ चालणार नाही म्हणाले होते ना? म्हणाले होते. पण बुडत्याचा पाय खोलात. पट्टा तर बसलाच होता, आता पेन्सिलीने आणखी काय बुडणार होतं? खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. आप्पांना सही येत नव्हती. अंगठा द्यायचे. त्यांनी सांगितलेलं काहीतरी छापील शब्दाच्या शेजारी बसतंय, हे बघायला मला आवडत होतं.

एक शब्द मला अजून पानासकट डोळ्यांपुढे दिसतो. कॉसेट, हाताने वाढवलेले लाडके कोकरू. आमच्यात तेव्हा असं एक होतं. आई मेलेलं, बाटलीने दूध पाजलेलं, दिवसभर आप्पांच्या पायात पायात घुटमळायचं. मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हे बघा तुमचं लाडकं."

आप्पांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. "लाडात न्हाई त्ये. भेलेलं हाय. आई गेलेलं कोकरू लाडानं पायात येत न्हाई, आपूनबी जाऊ म्हनून भेतं. लिव तसं."

मी तसंच लिहिलं.

होळी झाल्यावर आप्पांनी बाजारातून एक शंभर पानी वही आणली आणि माझ्यापुढे टाकली. पुस्तकाच्या कडेवर जे जे लिहिलं होतं ते सगळं त्या वहीत चांगल्या अक्षरात उतरवून काढ म्हणाले. कशाला ते सांगितलं नाही. मी उतरवलं. शब्द, डिक्शनरीतला अर्थ, आणि त्याखाली आप्पांचा अर्थ. वही जवळजवळ भरली.

वैशाख आला आणि आम्ही परत फिरलो. घाट चढताना मी डिक्शनरी घोंगडीत आणखी घट्ट गुंडाळली. मी आप्पांना म्हटलं, या वर्षी डिंगोऱ्याला नको थांबायला. ते म्हणाले, वाट एकच आहे. पुस्तक हरवलं म्हणून सांगायचा विचार केला, तोही टिकला नाही, कारण आप्पा शेजारी उभे राहून खरं बोलणार हे ठरलेलं. शेवटी घाटमाथ्यावर बसून मी खोडरबराने पेन्सिलीचं लिहिलेलं खोडायला लागले. दोन पानं खोडली, तिसऱ्या पानाला भोक पडलं. मग सोडून दिलं.

सर ओट्यावरच होते. मी पुस्तक त्यांच्या पुढे ठेवलं आणि दोन पावलं मागे सरले. त्यांनी आधी तो लाल पट्टा बघितला. मग पान उघडलं, दुसरं उघडलं. कडांवरची माझी अक्षरं बघितली. त्यांचा चेहरा वर्गात कुणीतरी शिट्टी वाजवल्यावर होतो तसा झाला.

"जशीच्या तशी आण म्हणालो होतो," ते म्हणाले.

मी आणखी एक पाऊल मागे सरले. पण आप्पा शाबासकी घ्यायला आल्यासारखे ताठ उभे होते.

"जशीच्या तशी कशी आनायची, गुर्जी?" आप्पा म्हणाले. "सा महिनं सांभाळलीय. तुमची हाय म्हनून पयल्याच मुक्कामाला खूण केली, इकडंतिकडं मिसळाया नको. आन सा महिन्यांनी मेंढी जशी नेली तशीच परत आली, तर लोक तिला भाकड म्हनत्यात." मग त्यांनी बंडीतून वही काढली आणि दोन्ही हातांनी सरांच्या पुढे धरली. "हे तिचं पयलं कोकरू. मालकाचं."

सरांनी वही घेतली. उभ्यानेच उघडली, मग खाली बसले. घरातून चहा आला, तो त्यांच्या शेजारी ठेवला गेला आणि तिथेच निवला. ते एकेक पान वाचत होते आणि मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. एका ठिकाणी ते बोट थांबलं. मला उलट्या बाजूनेही तो शब्द ओळखू आला, कॉसेट होता. सर तेच परत परत वाचत राहिले. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "हे बरोबर आहे." सरांची आई ते दीड वर्षाचे असताना गेली होती, हे मला मागाहून कळलं.

मग ते माझ्याकडे वळले आणि खरोखर चिडले. "हे खोडलंस कुणाला विचारून? पान फाडलंस. खोडायची गरज काय होती?"

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण इतकी गोड लागलेली नाहीत.

वही त्यांनी ठेवून घेतली. डिक्शनरी माझ्या हातात परत दिली. आप्पा नको नको म्हणत होते, तर सर म्हणाले, "रीत तुमचीच ना, पावणं? पहिलं माझं झालं. आता दुसरं हिचं."

आप्पा-आई मेंढरं घेऊन लोणीला गेले आणि मी आळेफाट्याला भावाच्या खोलीवर राहिले. सकाळी त्याचा डबा करायचा, एसटी पकडायची, डिंगोऱ्याला उतरायचं. सरांनी मला दोन महिन्यांत जे शिकवलं ते उत्तरपत्रिकेसाठी कमी आणि डोक्यासाठी जास्त होतं. म्हणायचे, "बापाजवळ बसून एकेका शब्दाशी भांडलीस, तशी वाक्याशी भांड. हे का म्हटलंय, दुसरं का नाही म्हटलं, विचार त्याला." पाठ करायला त्यांनी एक ओळही दिली नाही. फक्त पेपरच्या आदल्या दिवशी दम दिला, "पेपरात कुठे हिदर लिहिलंस, तर मी तुला ओळखत नाही."

निकाल लागला तेव्हा मी लोणीला होते. चुलत्यांच्या पोराने मोबाईलवर बघून सांगितलं, त्रेपन्न. मी परत बघायला लावलं. त्रेपन्नच होते. आईने मला जवळ घेतलं आणि मी तिच्या खांद्यावर मोकळेपणाने रडले. सरांना फोन लावला तर ते म्हणाले, "सात तरी कमी दिलेत त्यांनी," आणि ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी आत्या आली. मला वाटलं पेढे घ्यायला आली. पेढा खाल्ला तिने, आणि मग आप्पांपुढे बसकण मारली. "झालं ना पास? लई चांगलं झालं. आता धावी पास पोरगी म्हनून सांगता येतं, मानसं अजून खूश हायेत. येत्या रैवारी बोलावते." माझ्या हातातलं ताट तिथेच थांबलं. पास झाले की सुटले, असं मी वर्षभर धरून चालले होते. पास झाल्याचाही हुंडा करता येतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आप्पा कातत होते.

"आरं, मी काय म्हनते?" आत्या म्हणाली. "कवर ठिवनार घरात? परक्याचं धन त्ये."

आप्पांनी चाती खाली ठेवली. मी त्यांना आत्यासमोर असं करताना कधी बघितलं नव्हतं. ते उठले, देवळीतून डिक्शनरी काढली आणि तिच्यापुढे ठेवली, लाल कड तिच्याकडे करून.

"आक्का, हे गुर्जींचं हाय," ते म्हणाले. "परक्याचं हाय, म्हनून खूण केलीय. त्या भायेरच्या सात मेंढ्या परक्याच्या हायेत, त्यांच्याबी पाठी बघ." मग त्यांनी माझा हात धरून मला पुढे ओढलं, ताटासकट. "आन ही बघ. फुडून बघ, मागून बघ. कुठं खूण हाय का?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. खरंच पुढून-मागून बघितलं. मग तिने आणखी एक पेढा उचलला, आणि आप्पांनी मला विचारलं, अकरावीचा फॉर्म कोणत्या गावाला मिळतो, आणि सोबत कोण लागतं.